पाणी एक नंबर, पण मासा कुठनं आला ते विचारलं की गप्प (कोल्हापुरातलं समुद्री माशांचं दुकान, 5 पैकी 3 स्टार)

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मालकाला जे सांगायचं ते मी तोंडावर सांगितलंय, आणि त्याचं गिऱ्हाईक तोडायचा माझा हेतू नाही. पण गेली दीड वर्षं महिन्यातनं दोनदा तरी तिथं जातोय, मीठ न्यायला, पाणी तपासून घ्यायला, कधी नुसतंच टाक्यांसमोर उभं राहायला, आणि जे बघितलं ते खाऱ्या पाण्याची टाकी लावायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला कळायला पाहिजे असं मनापासनं वाटतंय म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

आधी चांगलं ते सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. आपल्याकडनं समुद्र घाटाखाली, इथं खारं पाणी म्हणजे आर.ओ.च्या पाण्यात सॉल्ट मिक्स घालून बनवायचं, आणि बाकी ठिकाणी ते बादलीत ढवळून लगेच टाकीत ओततात. इथं तसं नाही. मोठ्या पिंपात रात्रभर पंप लावून मीठ फिरवतात, सकाळी रिफ्रॅक्टोमीटरनं, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रानं, बघतात, 1.025 आलं की मगच वापरायला काढतात. लाईट गेली की कामावरचा पोरगा आधी बॅटरीचे एअरपंप लावतो मग गिऱ्हाईकाकडं बघतो. 2019 च्या पुरात खालच्या रांगेतल्या टाक्या गेल्या होत्या म्हणे, त्यामुळं आता सगळ्या टाक्या कंबरेच्या वर आहेत, खाली नुसतं सामान. मासा विकत घेतला की ड्रिप (टाकीचं पाणी थेंबथेंब सोडून माशाला सवय लावायची) कसं लावायचं, किती वेळ लावायचं हे तो पोरगा नीट समजावून सांगतो, न कंटाळता. मीठ, टेस्ट किट, स्किमर (पाण्यातली घाण फेसातनं काढणारं यंत्र), सगळ्याचे रेट मुंबईच्या आसपासच. सामान घ्यायला बिनधास्त जा.

तीन स्टार ते ह्याला.

आता माशांचं. मी पहिल्यांदा विचारलं होतं ते साधंच, टाकीतल्या निळ्या टँग माशाकडं बोट करून, "हा कुठनं आलाय?" पोरगा म्हणाला, "मुंबैवरनं, सर." म्हटलं मुंबईला कुठनं? तर म्हणतोय, "ते आम्हाला कोण सांगत नाही, सर. रातच्या ट्रॅव्हल्सनं थर्माकोलचा बॉक्स येतोय, आम्ही फोडायचा आणि सोडायचा." त्याचं खरंच होतं, तो खोटं बोलत नव्हता. आणि मला वाटतं ह्या सगळ्या धंद्याची गोम तिथंच आहे, बॉक्स फोडणाऱ्याला माहीत नाही, पाठवणारा सांगत नाही, आणि आपण विचारत नाही.

गप्पी, मॉली, गोल्डफिश हे गोड्या पाण्यातले मासे बहुतेक सगळे हौदात, तळ्यात पैदास केलेले असतात. एक मेला म्हणून कुठली नदी रिकामी होत नाही. समुद्रातल्याचं उलटं आहे, टाकीत दिसणारा बहुतेक मासा कुठल्या तरी खडकाच्या कपारीतनं उचलून आणलेला असतो. 2003 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल आला होता, त्यात जगभरात वर्षाला 2 ते 2.4 कोटी समुद्री मासे टाक्यांसाठी विकले जातात असा अंदाज होता, 1,471 जातींचे. आणि पकडायची पद्धत तर बघा. फिलिपिन्समधे 1960 च्या दशकात सुरू झालेली आणि मग इंडोनेशियात पसरलेली एक पद्धत म्हणजे सोडियम सायनाईडच्या गोळ्या पाण्यात विरघळवून बाटलीनं कपारीत फवारायच्या, मासा गुंगला की हातानं काढायचा. दोन्ही देशात ह्यावर बंदी आहे तरी चालतं. त्यात जे पोवळं (खडकासारखा वाढणारा समुद्री जीव) त्या पाण्याखाली आलं ते पांढरं पडून मरतं, आणि जगलेला मासा दुकानात ताजातवाना दिसतो, खातो सुद्धा, आणि घरी नेल्यावर दोन-तीन आठवड्यात कारण न कळता जातो. आपण म्हणतो आपलंच पाणी बिघडलं असेल.

माझी स्वतःची तक्रार मँडरिनची आहे. निळ्या-केशरी नक्षीचा तो छोटा मासा, बघितला की कुणाचंबी मन विरघळेल. माझी टाकी तेव्हा चार महिन्यांची, तीन फुटी. मी विचारलं, खातो काय? काउंटरवरनं उत्तर आलं, "सगळं खातोय, काय टेन्शन नाही." घेतला. आता मला माहीत आहे की मँडरिन दिवसभर खडकावरनं बारीक बारीक कोपेपॉड नावाचे किडे टिपत फिरतो, पेलेटकडं, म्हणजे तयार दाण्यांकडं, बहुतेक ढुंकून बघत नाही, आणि चार महिन्यांच्या टाकीत ते किडे पुरेसे नसतातच. पण तेव्हा मी रोज रात्री फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) पिपेटनं त्याच्या तोंडासमोर सोडायचो आणि तो मान वळवून खडकाकडं जायचा. तिसऱ्या आठवड्यात पोट आत गेलं, मग पाठीचा कणा दोरीसारखा वर दिसायला लागला. तरी शेवटच्या दिवसापर्यंत तो खडक टिपतच होता, रिकामा खडक. विकताना "टाकी किती जुनी आहे?" एवढा एक प्रश्न त्यांनी विचारला असता तर तो मासा माझ्या घरी आलाच नसता. हे मी मालकाला सांगितलं तर म्हणाले, "दादा, नाजूक जात आहे ती, दहातले दोन जगतात." मग दहा का आणता, हे मी तिथंच विचारलं. उत्तर आलं नाही.

दुसरी गोष्ट बांगाई कार्डिनलची, आणि ही जरा सविस्तर सांगतो कारण ह्या माशाबद्दल दुकानात कुणालाच काही माहीत नव्हतं. चंदेरी अंगावर काळे पट्टे, पांढरे ठिपके, लांब पंख, दिसायला फार देखणा, आणि दुकानात नेहमी असतो. एका रविवारी गेलो तर सात-आठ जण एका टाकीत आणि त्यातला एक कोपऱ्यात पंपाच्या मागं. हनुवटी खाली फुगलेली, तोंड पूर्ण मिटत नव्हतं. पोरगा म्हणाला, "तो आजारी आहे सर, दोन दिवस खायला नाही, त्याला बाजूला काढणार आहे." मी मोबाईलचा टॉर्च लावून वाकून बघत बसलो, पाचएक मिनिटं. त्यानं एकदा जबडा उघडला, आतलं सगळं गोल फिरवल्यासारखं केलं आणि परत मिटला. आत केशरी अंडी होती, दाटीवाटीनं. तो नर होता. ह्या जातीत अंडी नर तोंडात धरतो, पिल्लं निघाली तरी काही दिवस तोंडातच ठेवतो, तेवढे दिवस अन्नाचा कण घेत नाही. पोरग्याला दाखवलं तर तो खरंच हरखला, मोबाईल काढून व्हिडिओ केला, आणि मग त्यानं स्वतःच ती टाकी झाकली आणि बाकीच्यांना दुसरीकडं हलवलं. चांगला पोरगा आहे, शिकवलं तर शिकेल.

पण हा मासा मुळात आला कुठनं? जगात तो एकाच ठिकाणचा, इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांभोवतीचा. आणि बाकी समुद्री माशांची पिल्लं प्रवाहात वाहत लांब जातात तसं ह्याचं होत नाही, बापाच्या तोंडातनं निघालेलं पिल्लू तिथंच जवळच्या साळिंद्रासारख्या काटेरी समुद्री अर्चिनमधे घुसतं आणि तिथंच वाढतं. म्हणजे एका खाडीतले सगळे उचलले तर शेजारच्या बेटावरनं नवीन येत नाहीत, ती खाडी रिकामीच राहते. 1990 च्या दशकात टाकीवाल्यांना हा मासा सापडला आणि बेसुमार उपसा सुरू झाला, 2007 साली आययूसीएन ह्या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेनं त्याला धोक्यातल्या जातींच्या यादीत टाकलं. आणि वाईट ह्याचं वाटतं की हाच मासा घरच्या टाकीत सहज पिल्लं देतो. समुद्रातनं आणायची गरजच नाही.

आता तिसरं, आणि ह्यासाठी खरं तर मी शून्य स्टार द्यायला पाहिजे होते. एकदा संध्याकाळी दुकानात गर्दी नव्हती, मालकांनी मला मागच्या खोलीत बोलावलं, "स्पेशल काय तरी दाखवतो." एक छोटी टाकी, आत लाईट नाही, तीन समुद्री घोडे. दोघं हीटरच्या वायरला शेपटी गुंडाळून धरलेले आणि तिसरा काचेवर सक्शन कपला. त्या टाकीत धरायला दुसरं काही नव्हतंच, ना गवत ना फांदी. समुद्री घोड्याला पोहायला जमत नाही नीट, काही तरी घट्ट धरून ठेवलं तरच तो निवांत असतो, आणि त्याला जठरच नसतं त्यामुळं दिवसभर थोडं थोडं खात राहावं लागतं. मालक हळू आवाजात रेट सांगत होते, जोडीचा. मी म्हटलं, कागद आहे का? म्हणाले, "कसला कागद, फार्मचे आहेत." फार्मचे असतील तर फार्मचं बिल तरी दाखवा म्हटलं. ते पण नव्हतं.

इथं नियम काय आहे ते स्पष्ट लिहितो कारण बऱ्याच जणांना वाटतं मासे म्हणजे काय, बाजारात पापलेट मिळतंय तसंच. तसं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, आणि 2001 साली त्यात समुद्री घोड्यांच्या सगळ्या जाती, खडक बांधणारी सगळी कडक पोवळी, काळं पोवळं, समुद्री पंखे, समुद्री काकड्या, काही शार्क, काही मोठे शिंपले घातले गेले. म्हणजे वाघाला जो कायदा लागू तोच ह्यांना. 2022 च्या दुरुस्तीत याद्या नव्यानं लावल्या, 1 एप्रिल 2023 पासनं त्या लागू आहेत, पण समुद्री घोडा आणि पोवळं त्यातनं सुटलेले नाहीत. पकडणं, विकणं, परवानगीशिवाय बाळगणं, सगळं गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. शिवाय समुद्री घोड्याच्या देशाबाहेरच्या व्यापारावर 2004 पासनं सायटिस ह्या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. आणि परदेशातनं कुठलाबी शोभेचा मासा आणायचा म्हटला तर सरकारी परवाना आणि क्वारंटाईन लागतं, कुणाच्या तरी बॅगेतनं आला असं चालत नाही.

वाळलेलं चालतं असं समजू नका. आपल्याकडं किती तरी घरात शोकेसमधे पांढरं पोवळं ठेवलेलं असतं, रामेश्वरहून नाही तर कोकणातनं आणलेलं, आजी-आजोबांच्या वेळचं. आता ते विकणं-घेणं त्याच कायद्यात येतं. दुकानात लाईव्ह रॉक म्हणून जो समुद्रातला, जीव चिकटलेला दगड किलोवर मिळतो त्याला सुद्धा नीट बघा, कडक पोवळ्याचा तुकडा त्यात असेल तर तो दगड घ्यायचाच नाही. मी स्वतः ड्राय रॉक, म्हणजे कोरडा, जीव नसलेला दगड वापरला, सिमेंटसारखा दिसतो सुरुवातीला, पण सहा-आठ महिन्यात त्यावर जांभळी शेवाळाची पुटं चढतात आणि फरक कळत नाही. रामेश्वरजवळच्या मन्नारच्या आखातात पूर्वी चुन्यासाठी पोवळं खणून नेत, तिथल्या 21 बेटांतली 2 बेटं त्यात पाण्याखाली गेली. 1986 साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. "माल रामेश्वरम साईडचा आहे" असं दुकानात अभिमानानं सांगतात तेव्हा मला ती बेटं आठवतात.

आणि लांब कशाला, आपलं मालवण. तिथं 1987 साली सागरी अभयारण्य झालं, 29 चौरस किलोमीटरच्या आसपास, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी. मी नववीत असताना, अभयारण्य वगैरे शब्द कानावरनं गेला नव्हता तेव्हा, ओहोटीला खडकातल्या खळग्यातनं एक पिवळा-काळा पट्ट्यांचा मासा ओंजळीत पकडला आणि बिसलेरीच्या बाटलीत घातला. एस.टी.त मांडीवर बाटली धरून बसलो होतो, फोंडाघाट चढेपर्यंत तो बाटलीच्या तोंडाशी येऊन गिळल्यासारखं करत होता, दाजीपूरला गाडी थांबली तेव्हा उलटा झालेला होता. आईनं ती बाटली घाटातच झाडाखाली ओतली. मला अजून ती बाटली दिसते. मालवणला जाणाऱ्यांनी, विशेषतः पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी, पाण्यातनं काही उचलू नका आणि उचलू देऊ नका, एवढं कळवळून सांगतोय.

मालकांशी मी बोललो तेव्हा ते भांडले नाहीत. "दादा, मी नाही ठेवलं तर गिऱ्हाईक मुंबईहून मागवतंय, माझंच नुकसान." हे मला पटत नाही, पण समजतं. आणि समुद्रातनं धरलेला प्रत्येक मासा म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही, हाताच्या जाळीनं, मोजकेच, योग्य आकाराचे मासे धरणारा कोळी असेल तर त्याचं पोट त्या खडकावर असतं आणि तो खडक जपतो सुद्धा. अडचण ही की पिशवीतल्या माशाकडं बघून जाळीचा कुठला आणि सायनाईडचा कुठला हे कळत नाही, आणि सांगणारा कुणी नाही.

म्हणून मी एकच मागितलं. टाकीवर चिठ्ठी लावा, "हॅचरी" नाही तर "समुद्रातला". कारण हॅचरीचा, म्हणजे पैदास केलेला, मासा मिळतो. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तमिळनाडूतल्या मंडपम आणि केरळातल्या विळिंजमला क्लाउन, डॅमसेल ह्या समुद्री माशांची पैदास करून दाखवलेली आहे, आपल्या राज्यात ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात क्लाउनफिशची हॅचरी आहे. माझ्याकडची क्लाउनची जोडी हॅचरीचीच आहे, ह्याच दुकानातली, 1,800 रुपयांना, एकाचा पांढरा पट्टा अर्धवट आहे, हॅचरीच्या पिल्लांत असं बऱ्याचदा दिसतं. पहिल्या दिवशी पेलेट खाल्लं, हात घातला तर पळायच्या ऐवजी बोटाला टोचायला आले. गेल्या श्रावणात त्यांनी पाईपच्या मागं अंडी घातली, आणि नर रात्रंदिवस त्यावर पंखानं वारा घालत बसायचा, पोरगी शाळेतनं आली की दप्तर न काढता आधी तिथं. पिल्लं जगवायला रोटिफर (अगदी सूक्ष्म जिवंत खाद्य) लागतात, ते मला जमलं नाही अजून. पण समुद्रातनं न उचलता एवढं सगळं बघायला मिळतं.

मालकांनी चिठ्ठ्या लावल्या. सगळ्या टाक्यांवर नाही, पण क्लाउनच्या चार आणि बांगाईच्या एका टाकीवर स्केचपेननं लिहिलेलं आहे, त्या पोरग्याच्या अक्षरात. तो अंडीवाला नर टिकला, त्याची पिल्लं आता एका छोट्या टाकीत वेगळी आहेत, नखाएवढी, आणि त्यावर त्यानं "आपल्या दुकानात जन्मलेली" असं लिहिलंय. घ्यायचं तर तीच घ्या. मागच्या खोलीतली टाकी मात्र मी नंतर दोनदा गेलो तेव्हा कुलपात होती, आणि मी विचारलं तर विषय बदलला. तिथं काय आहे ते न बघता मी चौथा स्टार देणार नाही. कुणाला तिथं समुद्री घोडा किंवा कडक पोवळं दाखवलं तर घेऊ नका, फोटो काढा आणि वनविभागाच्या 1926 नंबरवर कळवा.

जायचं कधी, ते पण सांगतो. बॉक्स शुक्रवारी रात्री येतो, शनिवारी सगळं दुकान भरलेलं आणि गर्दी. तेव्हा नुसतं बघून या. मासा घ्यायचा तर पुढच्या आठवड्यात मंगळवार-बुधवारी जा, तोपर्यंत जे प्रवासानं खचलेले असतात ते गेलेले असतात. पोरग्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा, तो घालतो. खाल्लं नाही तर घेऊ नका, पोट आत गेलेलं दिसलं तर घेऊ नका, आणि कुठनं आलाय ते दरवेळी विचारा, उत्तर माहीत असलं तरी विचारा. दुकान दुपारी दोन ते पाच बंद असतं. गाडी लावायला समोर जागा नाही.